लाखोळीची डाळ आणि शास्त्रज्ञाची विचारसरणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय कळवला तो असा : ‘शास्त्रज्ञ विचार कसा करतात, संशोधन कसे करतात आणि ते जगाला कसे सांगतात’. विषय वाचून मला थोडी धडकीच भरली. मी जन्मभर मुलींना शास्त्र शिकवले खरे, पण शिकवणे वेगळे आणि शोधणे वेगळे. शिवाय वेळ अर्ध्या तासाचा. त्यानंतर हळदीकुंकू आहे आणि स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येऊ लागला आहे. तेव्हा न्यूटनसाहेबांना आणि त्यांच्या सफरचंदाला आज तसदी देत नाही. आपल्याच बांधीत उगवणारी, आपल्याच डब्यात असणारी एक वस्तू घेते. ती म्हणजे लाखोळी. कोणी तिला लाखोरी म्हणतात, कोणी नुसतेच लाख. शिक्कामोर्तब करायची लाख ती निराळी!

लाखोळी काय आहे हे या सभेत सांगायची गरज नाही. धान अजून उभे असते, बांधीत ओल असते, तेव्हाच तिचे बी फेकून द्यायचे. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान कापून नेले की मागे लाखोळी हिरवीगार. कोवळे शेंडे खुडून भाजी करावी, उरलेली वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवावी, डाळीचे वडे करावेत. शंभर ग्रॅम लाखोळीत सुमारे अठ्ठावीस ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे तुरीपेक्षाही जास्त. गरिबाच्या घरी याहून सोयीची डाळ नाही.

आणि याच डाळीने माणूस पांगळा होतो असेही आपण ऐकत आलो. मागे आपल्याच एका कार्यक्रमात वड्यांच्या ताटावरून वाद झाला होता, तो अनेकींना आठवत असेल. एकीचे म्हणणे, “सरकारने बंदी घातली होती ती उगीच का?” दुसरीचे म्हणणे, “आमच्या सात पिढ्या खात आल्या, एक तरी लंगडा दाखवा!” दोघीही हुशार आणि दोघीही आपापल्या जागी खऱ्या. खरे तर शास्त्रज्ञाचे काम अशाच ठिकाणी सुरू होते. दोन माणसे डोळ्यांनी पाहिलेलेच सांगतात आणि तरी त्यांचे पटत नाही, तेव्हा खोटे कोण हे विचारण्यापेक्षा, दोन्ही खरे कसे असू शकेल हे तो विचारतो.

पहिली हकीकत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची आणि आपल्यापासून फार दूरची नाही. जबलपूरच्या पलीकडे सागर आहे, त्या भागातली. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमन म्हणून इंग्रज अधिकारी होते, त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात ती लिहून ठेवली. पुस्तक १८४४ साली छापले गेले. ते लिहितात की १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस वेळेवर पडला नाही, १८३१ साली पिकावर रोग आला. तिन्ही वर्षे टिकली ती एकटी लाखोळी; तिकडे तिला तिवडा म्हणतात. लोकांनी तीच खाल्ली, दुसरे काही नव्हतेच. आणि १८३३ पासून धडधाकट माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले.

यात स्लीमनसाहेबांची शास्त्रीय दृष्टी कुठे दिसते ते पाहा. ‘तिवडा खाल्ला आणि पाय गेले’ एवढे सांगून ते थांबले नाहीत. कोणत्या साली कोणते पीक बुडाले, लोकांनी केवळ हेच धान्य किती काळ खाल्ले, हे त्यांनी नोंदले. ‘केवळ’ हा शब्द पदरी बांधून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा रोग कसा येतो तेही सांगते. बहुधा एकाएकी येतो. पायांत ताठरपणा, गुडघे वाकत नाहीत, टाचा टेकत नाहीत, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. काहींना एका काठीवर भागते, काहींना दोन लागतात, काहींना खुरडत जावे लागते. डोके शाबूत राहते, आयुष्यही कमी होत नाही. म्हणजे तरणा माणूस पुढची तीस-चाळीस वर्षे तसाच. गेलेली शक्ती परत आणील असे औषध आजही नाही. युरोपातही हा रोग होता; इटलीतले डॉक्टर कांतानी यांनी एकोणिसाव्या शतकात त्याला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. लॅथिरस हे लाखोळीचे शास्त्रीय कुलनाम आहे.

आता कोणी म्हणेल, कारण सापडले, मग शास्त्रज्ञांना काम काय उरले? काम तिथूनच वाढले. दुष्काळात माणूस लाखोळी खातो हे खरे, पण दुष्काळात तो आणखीही पुष्कळ गोष्टी करतो. उपाशी राहतो, घाण पाणी पितो, रानातला पाला खातो. मग पाय नेले कोणी? दोन गोष्टी बरोबर आल्या म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही. कोंबडा आरवतो आणि उजाडते, परंतु कोंबड्याने सूर्य आणला असे आपण म्हणत नाही ना!

याच शंकेतून एक गमतीचा, खरे तर चुकीचा, फाटा फुटला. लाखोळीच्या शेतात तिच्यासारख्याच दिसणाऱ्या शेंगांचे एक तण येते, उत्तरेकडे त्याला अकटा म्हणतात. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन या तिघांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेली शुद्ध लाखोळी निराळी काढली, अकटा निराळा काढला आणि बदकांना व माकडांना चारून पाहिले. अकटा खाणारी जनावरे आजारी पडली, शुद्ध लाखोळी खाणारी पडली नाहीत. निष्कर्ष काय? दोष लाखोळीचा नाही, निवडण्याचा आहे! प्रयोग नीटनेटका होता, माणसे नामांकित होती. पुष्कळांना ते पटलेही. म्हणजे दोष अखेर धान्य निवडणाऱ्या बाईच्या माथी आला, हे सहज लक्षात आणून देते.

पण त्यांनी काय केले, कसे केले हे सारे छापून ठेवले होते. त्यामुळेच इतरांना ते ताडून पाहता आले. अकटा नसलेले धान्य खाणारी माणसेही पांगळी होतात असे पुढे आढळत गेले आणि तो निष्कर्ष मागे पडला. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून ते टिकत नाही. दुसऱ्याने करून पाहिल्यावर तसेच आले तरच टिकते. आपल्याकडे एखादीने लोणच्याचे प्रमाण सांगावे आणि चार घरी तसेच मुरावे, तेव्हाच ते प्रमाण खरे मानतो, तसेच हे.

दुसरी फसगत उंदरांनी केली. उंदरांना बागेतल्या ‘स्वीट पी’ या शोभेच्या वेलीचे दाणे चारले तर त्यांची हाडे वाकतात. ही वेल लाखोळीची चुलत बहीणच, म्हणून या रोगालाही तेच नाव मिळाले. १९५४ साली त्यातले द्रव्यही सापडले. परंतु माणसाची हाडे वाकत नव्हती, त्याच्या नसा जात होत्या. आणि ते द्रव्य आपल्या लाखोळीत नव्हतेच. नाव एक आणि रोग दोन! नावाच्या मागे लागून किती वर्षे जातात त्याचा हा नमुना.

या मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, एक भयंकर गोष्ट घडली. तेव्हा रुमानियाच्या ताब्यात असलेल्या युक्रेनमधल्या वाप्नियार्का येथे ज्यू लोकांची बंदी छावणी होती. १९४२ च्या शरदात तिथल्या कैद्यांना रोज जनावरांची लाखोळी उकडून मिळू लागली. काही आठवड्यांतच माणसे लुळी पडू लागली. कैद्यांतच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी कारण ओळखले आणि हे अन्न बंद करण्याची मागणी झाली, तोवर शेकडो माणसांचे पाय गेले होते. ज्याची परीक्षा कोणत्याही सभ्य शास्त्रज्ञाने माणसांवर कधी केली नसती, ती क्रूरपणाने होऊन गेली.

आता आपल्या देशातल्या प्रयोगशाळांकडे येते. अडचण अशी होती की मोठ्या जनावरांना लाखोळी चारली तरी बहुधा काही होत नसे. मग द्रव्य आहे की नाही हे कळावे कसे? हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत रॉय, नागराजन आणि गोपालन यांनी १९६३ साली निराळी वाट धरली. त्यांनी लाखोळीचा अर्क कोंबडीच्या अगदी कोवळ्या पिलांना टोचला. पिलांना झटके आले, माना मागे वळल्या. मोठ्या जनावराच्या मेंदूभोवती रक्तातले नको ते द्रव्य अडवणारी एक चाळणी असते, कोवळ्या पिलात ती पुरती तयार झालेली नसते. एवढ्या साध्या कल्पनेने बंद दार उघडले.

मग १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा या तिघांनी ते द्रव्यच वेगळे काढले. रीत म्हटली तर ओळखीची आहे. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, कोणत्या भागाने पिलाला झटका येतो ते पाहायचे. त्या भागाचे पुन्हा भाग, पुन्हा पिले. अखेर हाती शुद्ध द्रव्य उरते. त्याचे नाव एवढे लांब आहे की सारेजण त्याला ‘ओडॅप’ म्हणतात. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात मूर्ती, शेषाद्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही ते सापडले. दोन गावच्या दोघांना एकच वस्तू सापडली म्हणजे भरवसा वाढतो.

ओडॅप करते काय? आपल्या मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारे एक नैसर्गिक द्रव्य असते. ओडॅप त्याचे सोंग घेऊन येते आणि तंतूला चेतवीत राहते. तो अखेर थकून मरतो. इतके कळल्यावरही शास्त्रज्ञ म्हणाले, हे पिलांचे झाले, माणसासारख्या प्राण्याचे काय? १९८६ साली डॉ. स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगले पोषण दिलेल्या माकडांना लाखोळी आणि ओडॅप देऊन तशीच लक्षणे दाखवली. म्हणजे द्रव्य सापडल्यावर आणखी बावीस वर्षांनी! आपण मात्र मोबाइलवर आलेला निरोप बावीस सेकंदांत दहाजणींना धाडतो.

आता पदरी बांधलेला ‘केवळ’ सोडू. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात हजारो माणसे या रोगाने पांगळी झाली. ती कोण होती? बहुतेक शेतमजूर, त्यातले कित्येक वेठबिगार. त्यांना मजुरीच लाखोळीच्या रूपाने मिळत असे. सकाळी तिचीच भाकर, संध्याकाळी तीच, आणि असे महिनोन् महिने. मालकाच्या घरीही हीच डाळ शिजे, परंतु भात, पोळी, दूध, भाजी यांच्या पंगतीत. एकूण जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक लाखोळी आणि ती सलग दोन-तीन महिने, असे झाले की धोका येतो असे अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या त्या दोन भगिनींचा वाद मिटला. सात पिढ्या भाताबरोबर वाटीभर खाणारी आणि फक्त तीच खाऊन जगणारा, हे दोघे एक नव्हेत. विषाची गोष्ट नेहमी मापाची असते. गंमत म्हणजे हेच ओडॅप चीनमधल्या जिनसेंगच्या एका जातीत आहे आणि तिथे लोक ते औषध म्हणून पैसे मोजून घेतात!

आणि एक. लाखोळीतले ओडॅप दरसाल सारखे नसते. पाण्याचा ताण पडला, जमिनीत जस्त कमी असले, तर ते वाढते. ज्या वर्षी गरीब माणूस जास्त लाखोळी खातो त्याच वर्षी ती जास्त वाईट असते. याला दैव म्हणावे की काय ते तुम्हीच ठरवा. मी त्याला मजुरीचा प्रश्न म्हणेन. ओडॅप शोधणे हे रसायनशास्त्राचे काम. त्या माणसापुढे दुसरे अन्न का नव्हते याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही.

शोध जगाला सांगण्याची गोष्ट राहिली. शास्त्रज्ञ जेव्हा आपला लेख छापतो तेव्हा तो ‘लाखोळी विषारी आहे’ असे लिहीत नाही. इतक्या वजनाच्या पिलाला इतके द्रव्य दिले, इतक्यांपैकी इतकी आजारी पडली, असे लिहितो. वाचायला रुक्ष खरे! पण तोच लेख सरकारी फायलीत जातो तेव्हा आकडे गळतात. फायलीतून दुकानात येतो तेव्हा ‘जर’ आणि ‘तर’ गळतात. आपल्या कानी येतो तो एकच शब्द : विष. १९६१ साली अन्नभेसळीच्या नियमांत लाखोळीच्या विक्रीवर बंदीचे कलम आले आणि महाराष्ट्रानेही ते लागू केले. रीव्याचे पांगळे पाहिलेल्या माणसाला ही बंदी कठोर वाटणार नाही. पण आपल्या पूर्व विदर्भातल्या लहान शेतकऱ्याचे पीक तिने बेकायदा केले आणि ‘किती, किती दिवस, कशाबरोबर’ हे तीन प्रश्न गावात येऊन कोणी सांगितले नाहीत. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे बंदीविरुद्ध पाठपुरावा केला. त्यांचे प्रत्येक विधान मला पटते असे नाही, परंतु ‘खाणाऱ्यांना विचारा’ हा त्यांचा आग्रह योग्यच होता. २००८ साली राज्य सरकारने बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र ते कलम पुन्हा आलेच.

खाणाऱ्यांना विचारायला पोषणशास्त्रज्ञ आलेही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गोंदिया जिल्ह्यात पाहणी केली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. १९९९ पूर्वी गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते, तेव्हा ते आपलेच घर. तिथे लोक लाखोळी पिकवतात, खातात, आणि या रोगाचे रुग्ण फारच थोडे आढळले. इथिओपियातही असाच अभ्यास झाला. आमटीच्या रूपाने, लसूण-आले घालून, किंवा दुसऱ्या धान्याच्या पिठात मिसळून खाणाऱ्यांना धोका कमी. नुसते भाजलेले, उकडलेले किंवा हिरवे दाणे मुठीने खाणाऱ्यांना जास्त. प्रयोगशाळेत भाजल्याने ओडॅप कमी होते आणि गावात भाजके दाणे खाणारे आजारी पडतात! कारण भाजके दाणे हे तिथे जेवणाबरोबरचे तोंडीलावणे नसून भूक मारण्याचे साधन होते. म्हणून शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेइतकेच चुलीजवळही बसावे लागते.

एक कोडे अजून सुटलेले नाही आणि ते आपल्या मंडळात सांगण्यासारखे आहे. हा रोग पुरुषांना, विशेषतः तरुणांना, बायकांपेक्षा अधिक होतो आणि अधिक तीव्र होतो. कोणी म्हणतात शरीरातल्या रसांचा फरक, कोणी म्हणतात अंगमेहनत. माझ्या मनात एक आणखी कारण येते : घरच्या बाईच्या वाट्याला शेवटी उरते तेवढेच येते. पण हा माझा तर्क झाला, शोध नव्हे, आणि कोणी मोजून दाखवीपर्यंत तो तर्कच राहील.

आता घरी काय करावे हे विचारल्यावाचून तुम्ही मला सोडणार नाही. हैदराबादच्याच प्रयोगशाळेने १९६६ साली साधी रीत प्रसिद्ध केली. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ कढत पाण्यात काही तास भिजवावी, ते पाणी फेकावे, पुन्हा भरपूर पाण्यात उकळावी आणि तेही पाणी फेकावे. बहुतेक ओडॅप निघून जाते. माझ्या सासूबाई ‘लाखोळीचे पहिले पाणी गटारीला’ असे म्हणत. त्यांना ओडॅप ठाऊक नव्हते. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वे जातात, त्याला इलाज नाही. भाताबरोबर खावी, अधूनमधून खावी, इतर डाळींशी पाळी लावावी. दुष्काळाच्या सालात हात आखडता घ्यावा. कामावर येणाऱ्या माणसाला मजुरीत लाखोळी देऊन मोकळे होऊ नये. स्वस्त सुटे बेसन आणि तूरडाळ घेताना पारखून घ्यावी, कारण त्यांत लाखोळीची भेसळ होते आणि मग आपण ती किती खातो हे आपल्यालाच कळत नाही.

शेतीवाल्या भगिनींसाठी शेवटचे. कमी ओडॅपचे वाण निघाले आहेत : रतन, प्रतीक आणि महातिवडा. यांत ते शेकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी असते. नावे लिहून घ्या, मी पुन्हा सांगते : रतन, प्रतीक, महातिवडा. मात्र लाखोळीच्या फुलावर मधमाश्या येतात. शेजारच्या बांधीत जुने वाण असले तर परागाची देवघेव होते आणि काही वर्षांत आपले बी पुन्हा जुन्यासारखे होत जाते. म्हणून एकटीने नवे बी घेण्यात फारसा अर्थ नाही. एका शिवारातल्या चार-पाच घरांनी मिळून घ्यावे आणि काही वर्षांनी बदलावे. बी फेकायचे ते धान कापण्याच्या आधी, तेव्हा कृषी कचेरीत चौकशी करायची तर ती पोळ्याच्या सुमारासच करून ठेवावी.